सणासुदीचे दिवस, ऊसतोडणी आणि घराची घडी



लागण, खते, खोडवा यांविषयी आपण या पानावर नेहमीच बोलतो. या वेळी थोडे घराविषयी बोलू. दिवाळी ते येळवस हे साधारण दोन महिने आपल्या शिरूर अनंतपाळ भागात मोठ्या धावपळीचे असतात. याच दिवसांत रब्बीची पेरणी आटपायची असते, कारखान्याचे गळीत सुरू होते, लेकी-जावई येतात आणि पोरांना सुट्टी लागते. गटात फिरताना आम्ही पाहतो की, फड उत्तम असलेल्या घरातही या दिवसांत चिडचिड असते. आमच्या मते ही ओढाताण कामाच्या ओझ्याने थोडी आणि एकमेकांना वेळेवर न सांगितल्याने जास्त होते. म्हणून चार गोष्टी आधीच बोलून ठेवाव्यात.

१. पैशाचे आधी बोला

"ऊस गेला की घेऊ," असे आपण घरात सहज बोलून जातो. पण तारखा काय सांगतात ते पाहा. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते आणि राज्यातील गळीत १५ नोव्हेंबरपासून सुरू झाले. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे बिलाची मुदत ऊस घातल्यापासून १४ दिवसांची आहे. म्हणजे पहिल्या दिवशी ज्याचा ऊस गेला, त्याचेही बिल मुदतीप्रमाणे महिनाअखेरीकडेच येणार. नव्या उसाच्या पैशावर त्या दिवाळीची खरेदी होणे शक्यच नव्हते. तरीही असा शब्द दिला जातो, मग तो पाळण्यासाठी उधारी होते आणि व्याजाचा विषय ऐन फराळाच्या ताटावर निघतो.

म्हणून दसऱ्यालाच घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. सोयाबीनचे आलेले पैसे किती, त्यातून हरभऱ्याचे बी-खत किती, कपडे-फराळ किती आणि लेकीच्या ओवाळणीला किती, हे कागदावर मांडावे. उसाचे बिल या कागदात धरूच नये. आकडा लहान निघाला तरी चालेल. आधी कळलेला लहान आकडा घरात भांडण लावत नाही.

२. भिंतीवर एकच कॅलेंडर

सणाच्या तारखा बाईमाणसांच्या डोक्यात आणि तोडणीची तारीख घरधन्याच्या खिशात, असे बहुतेक घरांत असते. दोन्ही एकाच कॅलेंडरवर लिहा. आपले सण चांद्र तिथीने येतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरसाल सरकते. २०२४ साली तर ११ जानेवारीला आणि पुन्हा ३० डिसेंबरला, अशा एकाच इंग्रजी वर्षात दोन येळवशी आल्या. मागच्या साली जमले म्हणून यंदाही त्याच तारखेला जमेल, असे धरून चालू नका.

तोडणीची तारीखही पाऊस, वाहन, टोळी यांमुळे पुढे-मागे होते. ती अंदाजाने लिहा आणि दोन्ही बाजूंना आठवडा मोकळा ठेवा. त्या आठवड्यात पाहुण्यांना मुक्कामाचे आमंत्रण नको. लेकीला मात्र आधीच कळवा, म्हणजे चार दिवस मागे-पुढे करून तिला निवांत माहेरपण मिळेल.

नोंदीची पावती, वजनाच्या पावत्या, पासबुक आणि सातबारा एकाच पिशवीत ठेवा. ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. साफसफाईत कागद इकडचे तिकडे होतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी सगळे घर उलथेपालथे करावे लागते.

३. येळवशीच्या आदली रात्र

येळवस हा आपल्या रानाचा सण. कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर आणि येईल त्याला आग्रहाने जेवण. हे सारे व्हावेच. पण त्यासाठी घरची बाई आदली रात्र चुलीपुढे काढते, सकाळी डोक्यावर टोपले घेऊन रानात जाते आणि संध्याकाळी पुन्हा भांडी घासायला बसते. सण झाल्यावर ती अंथरूण धरत असेल, तर तो सण नीट झाला असे म्हणता यायचे नाही.

यात पुरुषमाणसांना करण्यासारखे पुष्कळ आहे. कोप दोन दिवस आधी घालावी. सरपण आणि पाणी आदल्या दिवशीच रानात नेऊन ठेवावे. तुरीच्या, वालाच्या शेंगा सोलायला सगळ्यांनी बसावे. त्याला बाईचाच हात लागतो असे नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे किती माणसे बोलावली ते घरात सांगावे. आपण चौकात वीस जणांना आवतण देतो आणि घरात दहाच सांगतो. मग पुढची धावपळ कोणाच्या वाट्याला येते?

संध्याकाळी पेटती पेंढी फिरवताना पक्व उसाच्या कडेने जाऊ नका. वाळलेले पाचट ठिणगीला लगेच धरते. दिवाळीच्या फटाक्यांचेही तेच.

४. टोळी फडात आली की

तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. उशीर झाला तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून कोयता लागला की तो सणासाठी थांबवणे परवडत नाही. अशा वेळी घरातील एकाने फडावर राहावे आणि बाकीच्यांनी सण करावा. दुपारी पाळी बदलावी. सगळेच फडावर गेले तर घरी म्हातारी माणसे आणि पाहुणे वाट पाहत बसतात. सुट्टीतल्या पोरांना भरल्या ट्रॉलीमागे ऊस ओढायला धावू देऊ नका. हे एका जाणत्या माणसाच्या अंगावर टाकावे.

आणि हेही ध्यानात असू द्या की तोडणीची माणसे आपले घर, म्हातारे आईबाप मागे ठेवून आपल्या फडात आलेली असतात. सणाच्या दिवशी त्यांच्या कोपीवर पिण्याचे पाणी आणि डबाभर फराळ जावा. त्याला खर्च फार नाही.

सभासद बंधूंनो, उसाला पाणी कधी द्यायचे हे आपण आठ दिवस आधी ठरवतो. घराचेही तसेच ठरवू. यंदा दसऱ्याच्या संध्याकाळी कॅलेंडर, कागद आणि पेन घेऊन अर्धा तास बसा, आणि घरातल्या बायकांना आधी बोलू द्या.

आपला,
ऊसविकास अधिकारी