अठरा हजारांची मुंबई

दरमहा अठरा हजार रुपये हातात पडणारा माणूस मुंबईत राहतो कसा, असा प्रश्न जे विचारतात त्यांच्याजवळ उत्तरही बहुधा तयार असते : एक तर तो अर्धपोटी राहत असला पाहिजे, नाही तर त्याला काही वरकमाई असली पाहिजे. दुकानातला विक्रेता, इमारतीचा रखवालदार, दवाखान्यातली आया, कचेरीतला शिपाई अशा लक्षावधी माणसांचे संसार या दोन्ही तर्कांत बसत नाहीत. आणि ते बसत नाहीत याचे कारण असे की, मुंबईच्या महागाईविषयी आपण जे गृहीत धरून चालतो त्यातले पुष्कळसे ऐकीव असून त्याचा जमाखर्च कोणी मांडून पाहिलेला नसतो.

पहिला समज असा की, या शहरात सर्वच वस्तू महाग आहेत. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटरांचे. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सव्वातीनशे रुपयांच्या आत मिळतो, आणि महिन्यातले पंचवीस दिवस जाऊन-येऊन प्रवास करणाऱ्याला एक खेप सहा-साडेसहा रुपयांना पडते. बेस्टच्या बसचे किमान भाडे ९ मे २०२५ रोजी दुप्पट झाले, तरी ते दहाच रुपये आहे. परळचे केईएम रुग्णालय १९२६ पासून, आणि त्याच्या जोडीने नायर व शीव येथील रुग्णालये, ज्या रोगावर खाजगी इस्पितळात घर गहाण पडावे त्यावर नाममात्र शुल्कात उपचार करतात; रांग लांब असते हे खरे, पण रांगेला पैसे पडत नाहीत. महापालिकेच्या शाळेला फी नाही. वाहन, औषध आणि शाळा या तिन्ही बाबतींत मुंबई एखाद्या तालुक्याच्या गावाहून फारशी महाग नाही, किंबहुना एक-दोन बाबतींत स्वस्तच आहे. महाग आहे ती जागा. आणि बाकीच्या सर्व स्वस्ताईतून वाचलेला पैसा ही एकटी जागा गिळून बसते.

मग जागा इतकी महाग का, असे विचारताच दुसरा समज पुढे येतो : मुंबई हे बेट आहे, तिन्ही बाजूंना समुद्र आहे, जमीनच नाही, त्याला कोण काय करणार! भूगोलावर ठपका ठेवला म्हणजे कोणा माणसाला जाब विचारावा लागत नाही, ही या युक्तिवादाची मोठी सोय आहे. वस्तुतः सात बेटे भरावाने जोडून झालेले हे शहर कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत जेमतेम अडुसष्ट चौरस किलोमीटरांचे असले, तरी त्याच्या उत्तरेस साष्टीचा प्रशस्त प्रदेश दहिसर-मुलुंडपर्यंत शहरातच मोडतो. शिवाय या मूळ बेटाची लोकसंख्या वाढते आहे हेही खरे नाही : २००१ च्या जनगणनेत ती ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसे उणी झाली आणि भाडी मात्र चढतच राहिली! त्याच जनगणनेनुसार बृहन्मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी, कुलूपबंद होती. जमीन मुळीच नव्हती असेही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले, आणि गिरणगावातली सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली होती : एक-तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, एक-तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये या नियमात असा फेरफार झाला की, वाटणी सगळ्या जमिनीची न होता ज्या जमिनीवर आधीपासून बांधकाम नव्हते तेवढ्याच तुकड्याची व्हावी. गिरणी म्हणजे बहुतेक सगळे बांधकामच. तेव्हा वाटणीला उरले काय, हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा फेरफार कायम केला. याचा दोष समुद्राकडे कसा जातो, ते मला अद्याप उमगलेले नाही.

तिसरा समज पागडीच्या भाडेकरूंविषयीचा आहे, आणि तो दोन परस्परविरुद्ध रूपांत आढळतो. घरमालकांच्या तोंडी तो असा की, हे लोक फुकटात राहतात. भाडेकरूंच्या तोंडी असा की, भाडेनियंत्रणाच्या कायद्याने गरिबांना छप्पर दिले. दोहोंत सत्याचा अंश आहे, पण अंशच. १९४७ च्या कायद्याने भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली, आणि युद्धोत्तर टंचाईत हे पाऊल अपरिहार्यही होते. परंतु तात्पुरत्या म्हणून घेतलेल्या या तजविजीला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत ती अर्धशतक टिकली. परिणाम असा झाला की, आत असलेल्याला महिन्याला चहापाण्याएवढे भाडे पडू लागले आणि बाहेर असलेल्याला आत शिरण्यासाठी पागडी मोजावी लागू लागली. ही पागडी घेणे कायद्याने गुन्हा होते, म्हणून ती पावतीवाचून, रोकडीने, बहुधा बायकोचे दागिने विकून दिली जाई. ज्याने अशी रक्कम चुकती केली तो फुकटात राहतो असे म्हणणे म्हणजे घराची किंमत एकरकमी भरणाऱ्याला हप्ता भरत नाही म्हणून फुकट्या म्हणण्यासारखे आहे. दुसऱ्या बाजूने, ज्या मालकाला चाळीच्या भाड्यातून कौले शाकारण्याचाही खर्च निघत नाही तो डागडुजी सोडून देतो, हेही तितकेच खरे. तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर बसवणारा कायदा करावा लागला, आणि त्या वेळी शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ भरल्या. त्यातल्या १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. टेकू लावलेली गॅलरी आणि अठ्ठावीस रुपयांची भाडेपावती ही एकाच कायद्याची दोन अपत्ये आहेत.

१९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली आणि पागडीला कायदेशीर केले. पण आज नव्याने खोली शोधणाऱ्या अठरा हजारांच्या माणसाशी या साऱ्याचा संबंध उरलेला नाही, हे लक्षात घ्यावे. त्याला ‘भाडेकरू’ हा शब्दच लागू होत नाही. तो परवानाधारक, लीव्ह-लायसन्सवाला, अकरा महिन्यांचा पाहुणा. यामागेही एक इतिहास आहे : १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत होते त्यांना कायद्याने एका रात्रीत संरक्षित भाडेकरू केले, आणि त्या दिवसापासून मुंबईच्या घरमालकाने जी धास्ती घेतली ती आजतागायत गेलेली नाही. रिकाम्या घरांची कुलपे आणि अकरा महिन्यांचे करार या धास्तीत मुरलेले आहेत. समजा, नालासोपाऱ्यास सहा हजारांची खोली मिळाली. डिपॉझिट तीस हजार, दलालाचे एका महिन्याचे भाडे, पहिल्या महिन्याचे आगाऊ, करारनाम्याची नोंदणी : किल्ली हाती येण्यापूर्वी पंचेचाळीस हजारांच्या आसपास रक्कम, म्हणजे अडीच महिन्यांचा संपूर्ण पगार, हाताशी हवी. दरमहाचे भाडे त्याला एखादे वेळी झेपते. उंबरठा झेपत नाही.

झोपडपट्टीत राहणारे फुकट राहतात, या समजाला फार वेळ देण्याचे कारण नाही. २०११ मध्ये बृहन्मुंबईतली सुमारे ५२ लाख माणसे, म्हणजे शेकडा बेचाळीसच्या आसपास, झोपडपट्टीत राहत होती; इतक्या लोकसंख्येला बेकार वा उपरी समजणे हा शहराच्या अर्ध्या मनुष्यबळाचा अपमान आहे. तेथेही खोलीमालक असतो, डिपॉझिट असते, तगादा असतो. पाण्याचे तर उलटेच : इमारतीतल्या नळाला हजार लिटरमागे महापालिकेचा पाणीदर दहा रुपयांच्याही आत आहे, आणि ज्या वस्तीला अधिकृत जोडणी नाही तिथे तेच पाणी डब्यांच्या हिशेबाने कित्येक पट मोल देऊन घ्यावे लागते. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला, वस्ती अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे सांगावे लागले, यावरून काय ते समजावे.

‘सरकारी योजना आहेत की!’ हा पुढचा समज, आणि मला तो सर्वांत क्रूर वाटतो, कारण त्यात सद्भाव असतो. अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्य मिळण्यासाठी शहरी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. म्हणजे दरमहा पाच हजारांहूनही कमी. केशरी शिधापत्रिकेची मर्यादा एक लाख. आमच्या माणसाचे वर्षाचे दोन लाख सोळा हजार होतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तो शिधावाटप कार्यालयात रुजू झाला, तर त्याच्या हाती पांढरे कार्ड पडते, आणि तेच कार्ड एखाद्या बंगलेवाल्याच्याही कपाटात असते. आता तोच दाखला घेऊन तो म्हाडाकडे जातो. तिथे सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेला अत्यल्प उत्पन्न गटात धरला जातो, तेव्हा पात्रता निर्विवाद. २०२३ च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी येथे या गटासाठी जी घरे होती त्यांची किंमत तीस लाखांहून थोडी अधिक होती. त्यातले तीन लाख कुठून तरी उभे केले आणि सत्तावीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या मुदतीवर काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २३,४०० रुपये बसतो. पगार अठरा हजार! धान्याच्या दप्तरात तो सधन ठरतो, घराच्या दप्तरात गरीब ठरतो, आणि दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततो. यावर, सोडतीत नंबर लागला तर पाहू, असे तो म्हणतो. २०२४ मध्ये २,०३० घरांसाठी असे म्हणणारे एक लाखाहून अधिक लोक होते.

लांब राहायला गेले की पैसे वाचतात, हा समज पासाच्या किमतीवर उभा आहे आणि तितपत तो बरोबर आहे. बदलापूर ते शिवाजी टर्मिनस अडुसष्ट किलोमीटर. जाण्यायेण्यात दिवसाचे साडेतीन तास धरले तर पंचवीस दिवसांत साडेसत्त्याऐंशी तास होतात, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने जवळजवळ अकरा दिवसांची मजुरी. ओव्हरटाइम घेता येत नाही, घरी जाऊन स्वयंपाक होत नाही, पोराला शिकवणी लावावी लागते. उपनगरी रेल्वेमार्गांवर दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात, हा आकडा तर कोणत्याच घरखर्चाच्या वहीत लिहिला जात नाही.

राहता राहिला तो काटकसरीचा समज, की अल्प पगारात तरतो तो माणूस व्यसनी नसतो, हिशेबी असतो, चणे खाऊन राहतो. सद्गुणांना माझा विरोध नाही. पण या बेटावर थोडा पगार कधीच एकट्याच्या सद्गुणावर पुरलेला नाही. तो पुरला गावकऱ्यांच्या खोल्यांवर. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या गावागावांनी आपापले ‘कूड’ उभारले. बोटीवरचे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे पेटी टेकून राहत आणि संध्याकाळी एकत्र तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आणि घाटावरच्या गावांनी लालबाग-परळच्या चाळींत तसेच गाळे धरले. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. जेवण खानावळीत, आणि खानावळ म्हणजे बहुधा एका बाईची दहा बाय बाराची खोली, जिथे पैसे महिनाअखेर आणि भाकऱ्या रोज. ती बाई स्वतः सावकाराच्या कर्जात बुडालेली असे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते अशाच बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. गिरणी कामगाराची पुंजी या बाईच्या उधारीवर साठत होती, हे त्याच्या काटकसरीचे कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये.

लालबागला एका मोडकळीला आलेल्या चाळीत, पाडकामाच्या आधी, मी अशी एक खोली पाहिली. पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेट्या ओळीने, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आडनाव. भिंतीत उंचावर खिळ्यांची रांग, एकेकाला एकेक खिळा. दाराशेजारी देवाचा फोटो आणि त्याखाली दोऱ्याने टांगलेली खर्चाची वही. मी ती चाळली. वर्गणी, वीज, पाणीवाला, गणपती, कोणाच्या मयतीचा एसटीचा खर्च. प्रत्येक पानावर नावांची संख्या कमी होत गेलेली; शेवटच्या लिहिलेल्या पानावर सहाच. त्यांतले सहावे नाव वेगळ्या शाईत, गावाहून नुकत्याच आलेल्या कोणा पोराचे असावे, कारण त्याच्यापुढे वर्गणीच्या रकान्यात आकडा नव्हता. ‘पगारानंतर’ एवढेच लिहिले होते.