गाणे खरेच तुमचे आहे? रिंगटोन करून पाहा

गाणे विकत घेतले म्हणजे नेमके काय हाती आले, हा प्रश्न कॅसेटच्या काळात कुणाला पडत नसे. आज तो पडायला हवा, आणि त्याची एक सोपी कसोटी आहे: त्या गाण्याची रिंगटोन करून पाहायची. स्वतःच्या सीडीवरून कॉम्प्युटरवर उतरवलेले किंवा पैसे भरून एमपी३ फाइल म्हणून घेतलेले गाणे हवे तिथे कापता येते. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणे मात्र त्या अ‍ॅपबाहेर उघडतच नाही, कारण त्या फाइलला सांकेतिक कुलूप असते. वर्गणी थांबली की तेही थांबते. तिथे आपण ऐकण्याची मुदतबंद परवानगी घेतलेली असते, गाणे नव्हे.

एरवी रिंगटोन करणे अगदी सोपे आहे. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायची, हवा तो तुकडा निवडायचा आणि वेगळा साठवायचा. अँड्रॉइड फोनमध्ये तो ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्ये टाकला की साउंडच्या सेटिंगमध्ये निवडता येतो. आयफोनवर हेच काम गॅरेजबँड अ‍ॅपमधून होते. तुकडा ३० सेकंदांच्या आत ठेवावा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१९ मध्ये उत्तर न मिळालेल्या कॉलसाठी मोबाइलची रिंग ३० सेकंद ठरवून दिली, त्यामुळे त्यापुढचे वाजण्याची शक्यता कमीच. खरे कसब आहे ते जागा निवडण्यात. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून डग्ग्याचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. सनई, बासरी, हार्मोनियम किंवा उंच पट्टीतला मुखडा मात्र गर्दीतही कानावर येतो. संथ आलापाने सुरू होणारे गाणे फोन उचलेपर्यंत रंगातच येत नाही. पडद्यावरच्या आलेखात तबल्याची थाप टोकदार उंचवट्यासारखी दिसते. समेच्या थापेच्या किंचित आधी कापून पुढच्या एखाद्या समेच्या आधी थांबवले, तर तुकडा पुन्हा वाजतानाही ताल मोडत नाही. दोन्ही टोकांना आवाज निमिषभर चढता-उतरता ठेवला की कापल्या जागी ‘टक्’ होत नाही.

हे कायद्यात बसते का, अशी शंका रास्त आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठीच्या ‘उचित व्यवहारा’ला सूट आहे. आपल्या गाण्याचा तुकडा आपल्याच फोनवर ठेवणे त्या सुटीच्या हेतूला धरूनच आहे. तोच तुकडा इंटरनेटवर चढवून लोकांना वाटणे वा विकणे यात येत नाही. उलट बाजूने, विक्रेत्यांनी या तुकड्याचे वेगळे दाम लावूनही पाहिले. अ‍ॅपलने २००७ मध्ये ९९ सेंटला घेतलेल्या गाण्याच्या रिंगटोनसाठी आणखी ९९ सेंट आकारायला सुरुवात केली. मालकाला स्वतःच्याच गाण्यातले अर्धे मिनिट पुन्हा विकत घ्यायला लावणारा हा हिशेब न पटणाराच होता.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: बहुतेकांचे फोन आता सायलेंटवर असतात आणि थोडक्या वर्गणीत लाखो गाणी मिळतात, मग हा खटाटोप कशाला? नवे ऐकायला, शोधायला स्ट्रीमिंग उत्तमच. त्याच्याशी भांडण नाही. पण रिंगटोनचा उपयोगही संपलेला नाही. घरातल्या प्रत्येकाच्या नंबरला वेगळा सूर लावला, तर दृष्टी अधू झालेल्या आजी-आजोबांना पडद्याकडे न पाहताही कोणाचा फोन आहे ते कळते. आणि रिंगटोन करता येते म्हणजे तेच गाणे गाडीतल्या पेनड्राइव्हवर, जुन्या प्लेअरवर, उद्याच्या नव्या फोनवरही नेता येते. म्हणून ज्या पंचवीस-पन्नास गाण्यांवाचून आपले चालत नाही, ती तरी फाइल वा सीडीच्या रूपात घ्यावीत आणि पैसे भरण्याआधी ‘फाइल माझ्या हातात येणार का?’ एवढे विचारून घ्यावे. उत्तर नाही असेल, तर दिलेली रक्कम भाडे आहे असे समजूनच द्यावी.