एमडीचा विळखा आणि हॉस्टेलमधली मुलं

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतील एका कारखान्यावर छापा टाकून मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. हेच ते ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’. विद्यार्थ्यांच्या शहराजवळ हा माल तयार व्हावा, हे काळजीत टाकणारं आहे.

एमडी हे पूर्णपणे रासायनिक द्रव्य आहे. त्यासाठी शेत लागत नाही, प्रयोगशाळा पुरते. ते मेंदूत डोपामाइन आणि सेरोटोनिन एकदम मोकळं करतं. तरतरी येते, झोप उडते, भूक मरते. परीक्षेच्या रात्री जागायला किंवा पार्टीत मोकळं व्हायला म्हणून मुलं ते घेतात. पण असर काही तासांतच उतरतो आणि मागे उरतो गळून गेलेला जीव, चिडचिड, कधी भलतेसलते संशय. ती उतरण सहन होत नाही, म्हणून लगेच पुन्हा पुडी. अनेकांच्या बाबतीत सवय अशीच जडते. तिला निव्वळ चैन म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

२०१५ पासून हे द्रव्य एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. पालकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणाबाबत गुन्हा दाखल झालेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेनं मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागली, तर कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढून घेता येतं.

पुण्यात ‘मुक्तांगण’ ही संस्था १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १४४४६. मुलाला रागावण्याआधी हा नंबर फिरवा.