डिक्कीतला दणका, बॉनेटखालचा फ्यूज

पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका गाळ्यात हॅचबॅकला वूफर बसत होता. मालक पंचविशीतला. गणपतीला गावी निघायच्या आत काम हवं म्हणून मागे लागलेला. ॲम्प आणि बारा इंची वूफर त्याने हौसेने, भाव न करता घेतले होते. घासाघीस उरली होती ती वायरीवर. "दादा, साधी टाका ना. कार्पेटखाली कोणाला दिसतेय?"

दादांनी वायरीचे दोन तुकडे घेतले आणि ब्लेडने तारा खरवडल्या. एक आतपर्यंत तांबूस, दुसरीचा मुलामा निघताच आत चंदेरी ॲल्युमिनियम. पाकिटावर दोन्हींना चार गेज लिहिलेलं. पण दुसरी तांब्याच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश वीज वाहणार. पोरगा गप्प झाला.

हिशेब सोपा आहे. वूफरच्या खोक्यावरचा १५०० वॉटचा आकडा सोडून द्यायचा, तो खोकं विकण्यासाठी असतो. ॲम्प सलग देतो ते ५०० वॉट. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तो बॅटरीकडून ओढणार ६२५. घरात २३० व्होल्टवर एवढ्याला तीन ॲम्पियरही लागत नाहीत. गाडीत १३.८ व्होल्टवर पंचेचाळीस लागतात. वायर बारीक असली तर तीच तापते.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढूनच काम सुरू झालं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडलं, कडा कानशीने घासल्या आणि रबरी ग्रोमेट बसवून मगच वायर आत घेतली. नुसत्या पत्र्याच्या कडेवर वायर रोजच्या हादऱ्यांनी घासत राहते. एक दिवस आवरण फाटतं आणि बॅटरी थेट बॉडीवर शॉर्ट होते. अशा वेळी बॅटरी शेकडो ॲम्पियर फेकते. म्हणून ६० ॲम्पियरच्या फ्यूजचा होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरावर, बॉनेटखालीच बसवला. ॲम्पला स्वतःचा फ्यूज असतोच की, असं मालकाने विचारलं. "तो ॲम्पसाठी. हा वायरीसाठी. मधली चार मीटर वायर पेटली, तर डिक्कीतला फ्यूज काय करणार?" या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला हेच वाटलं.

अर्थिंगसाठी पोराने सीटबेल्टचा बोल्ट दाखवला. दादांनी हात झटकला. जीव वाचवणाऱ्या बोल्टला हात लावायचा नाही. डिक्कीत जाड पत्र्यावर वेगळी जागा शोधून रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, तेवढ्याच जाडीची आखूड वायर लग दाबून आवळली आणि वर रंगाचा हात मारला. पनवेलच्या पावसात गाडीतली कार्पेटं महिनोन्महिने दमट राहतात. उघडा सांधा गंजला की आधी बास मंदावतो, मग सांधा तापू लागतो. आवाजाची वायर मात्र गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली, नाहीतर एक्सलेटर दाबताच स्पीकरमधून शिट्टी येते.

वूफरला चार-चार ओहमच्या दोन कॉइल. सिरीजमध्ये जोडल्या तर आठ, पॅरलल जोडल्या तर दोन. हा ॲम्प दोन ओहम झेपवणारा, म्हणून पॅरलल. चारच झेपवणाऱ्या ॲम्पला हीच जोडणी दिली, तर आवाज वाढतो खरा, पण ॲम्प जळायची वाटही धरतो. मीटरने दोनच्या किंचित खाली दाखवलं. ते ठीकच, कारण मीटर कॉइलचा फक्त डीसी रोध मोजतो.

फ्यूज सगळ्यात शेवटी लागला. इंजिन चालू ठेवून गाणं वाजवलं, तेव्हा ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज तेराच्या वर टिकलं. इंजिन बंद करताच प्रत्येक ठोक्याला ते बाराच्या खाली डुबक्या मारू लागलं. "गाडी बंद ठेवून याच्यावर हळदीला नाचू नका," दादा म्हणाले, "सकाळी नवऱ्याची गाडी ढकलावी लागेल."

बिल देताना त्यांनी गावाहून आल्यावर गाडी परत आणायला सांगितलं. पळस्पे फाट्यापासून पुढे गोवा हायवेचे धक्के खाऊन टर्मिनलचे स्क्रू ढिले पडतात. ते पुन्हा आवळायला पाच मिनिटं लागतात, त्याचे पैसे ते घेत नाहीत.