निघालास तर किती वेळात पोचशील?

ज्या घरातले एक तरी पोर अमेरिकेत आहे, त्या घरात हा प्रश्न ठरलेला. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. आई दर रविवारी फोनवर त्याला हेच विचारायची. उत्तर दर वेळी वेगळे यायचे आणि गंमत म्हणजे प्रत्येक उत्तर खरे असायचे.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाटते, विमान अरबस्तान, इजिप्त, सहारा ओलांडून अटलांटिकवर जात असणार. आता मुलांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तानवरून थेट मॉस्कोच्या आसपास जातो, मग आइसलंडवरून ग्रीनलंडच्या टोकाशी खाली वळतो. जायचे पश्चिमेला आणि निघायचे उत्तरेला! गोल पृथ्वीवर जवळची वाट अशीच असते.

ताशी नऊशे किलोमीटरने हिशेब केला तर चौदा तास होतात. प्रत्यक्षात जाताना सोळाच्या आसपास लागतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा मोठा झोत वाहतो. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेला जाणारे विमान त्याच्याशी झगडत जाते, परतणाऱ्याला तोच मागून ढकलतो. तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात, त्यामुळे मध्यरात्री मुंबई सोडलेला माणूस न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी उतरतो. घड्याळावरून प्रवास मोजू नये.

२०१९च्या जानेवारीत आईला साताऱ्यात दवाखान्यात ठेवले. भाऊ तडक निघाला. वारा पाठीशी होता, विमान चाळीस मिनिटे आधीच उतरले. मग सामान, रांगा आणि पुढे साताऱ्यापर्यंतचे सहा तास! न्यू जर्सीतल्या दारापासून आईच्या खाटेपर्यंत सव्वीस तास झाले. आई शुद्धीवर होती. ‘लवकर आलास,’ म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तो दोरा आकाशातल्या सरहद्दी मानत नाही, विमानाला त्या मानाव्या लागतात. एअर इंडियाचे बोइंग ७०७ मे १९६० मध्ये न्यूयॉर्कला पोचले ते लंडनला थांबत. ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीची मुंबईहून न थांबता जाणारी सेवा सुरू झाली. वाटले, मधला थांबा कायमचा गेला. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि अमेरिकी विमानांची रशियावरची वाट बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. वळसे वाढले, इंधन पुरेना. अमेरिकेला निघालेल्या काही भारतीय विमानांना तेव्हा युरोपात पुन्हा खाली उतरावे लागले, तेल भरायला.