जठराग्नीची उपासना

आषाढ शुद्ध एकादशीस भगवान श्रीविष्णू योगनिद्रेत प्रविष्ट होतात आणि चातुर्मासास प्रारंभ होतो. व्रते, नेम, पोथ्या आणि कीर्तने यांनी घरेदारे गजबजून जातात. पण नेमक्या याच दिवसांत अन्नावरची वासना उडणे, पोट फुगणे, करपट ढेकर येणे, जेवणानंतर अंग जड होणे अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. हा योगायोग नव्हे. वर्षाऋतूत जठराग्नी मंद होतो व वात प्रकुपित होतो, असे वाग्भटाचार्यांनी 'अष्टांगहृदया'त स्पष्ट सांगितले आहे.

आयुर्वेदाने अग्नीचे ४ प्रकार मानले : सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. मंदाग्नीत थोडे अन्नही नीट पचत नाही आणि त्या अपक्व अन्नापासून 'आम' उत्पन्न होतो. गीतेच्या १५ व्या अध्यायात तर भगवंतांनी, प्राण्यांच्या देहात वैश्वानररूपाने राहून चतुर्विध अन्न आपणच पचवितो, असे म्हटले आहे. चित्राहुती, आपोशन, प्राणाहुती हे आपले भोजनविधी त्या अग्नीचे स्मरण देणारेच आहेत. ज्याला आहुती द्यावयाची, त्याची शक्ती ओळखूनच ती दिली पाहिजे.

उपवास की उपहार?

आमच्या पूर्वजांनी वर्षाकाळात उपवासांची योजना केली, ती ईश्वराच्या सान्निध्यासाठी. त्याबरोबर अग्नीलाही विसावा मिळत असे. आज मात्र 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण खरी करून दाखविली आहे. तुपात निथळणारी साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी! गंमत अशी, की बटाटा, भुईमूग आणि ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले; आपल्या प्राचीन ग्रंथकारांना ते ठाऊकही नव्हते. ज्यांचे पचन मंद आहे त्यांनी त्या दिवशी थोडी वरी, ताजे गोड ताक, एखादे फळ, उकळून कोमट केलेले पाणी एवढ्यावर भागवावे.

विस्तवाला फुंकर

चूल विझत आली असता तिच्यावर ओंडका टाकला तर ती विझते. काडीकाडीने गवत, गोवरी घातली तर प्रज्वलित होते. शोधनानंतरच्या आहारक्रमास शास्त्रकारांनी हाच दृष्टांत दिला आहे. द्वादशीच्या पारण्यालाही तो लागू पडतो. रिकाम्या पोटावर एकदम पुरणपोळी घालू नये. आरंभी तांदूळ किंचित भाजून भरपूर पाण्यात शिजविलेली पातळ पेज घ्यावी, तीत चिमूटभर सुंठ व सैंधव असावे. ती पचून भूक लागली की आटवल, मग मुगाचे कढण आणि त्यानंतर तूप-जिऱ्याची फोडणी दिलेले मुगाचे वरण व मऊ भात. पोटाचे दोन भाग अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा. पहिले अन्न पचल्यावाचून दुसरे घेऊ नये. अन्न ऊन व स्निग्ध असावे आणि ते मन लावून जेवावे.

घरगुती उपायांत जेवणापूर्वी आल्याचा लहानसा तुकडा सैंधव लावून खावा, किंवा पहिल्या घासाबरोबर तुपातून हिंग्वाष्टक चूर्ण घ्यावे. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग ही त्यातील ८ द्रव्ये. जेवणानंतर भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेले ताक घ्यावे. मात्र छातीत जळजळ, आंबट पाणी असा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी आले-मिऱ्याच्या वाटेस जाऊ नये, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी सैंधवही मीठच आहे हे विसरू नये.

औषधाने व्रत मोडत नाही

कीर्तनाच्या निमित्ताने गावोगावी हिंडताना आमच्या कानी एक गोष्ट वारंवार येते. घरातील वडीलधारी माणसे एकादशीला मधुमेहाची गोळी घेऊन निराहार राहतात, किंवा व्रत मोडेल या भीतीने गोळीच टाळतात. दोन्ही प्राणावर बेतू शकते. महाभारताच्या उद्योगपर्वात ज्या ८ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे सांगितले, त्यांत पाणी, मुळे, फळे व दूध यांच्यासह औषधाचाही स्पष्ट उल्लेख आहे. बालक, वृद्ध, रुग्ण आणि गर्भिणी यांच्यावर शास्त्राने कडक उपवासाची सक्ती केलेली नाही. तेव्हा मधुमेहींनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तसेच अकारण वजन घटणे, घास गिळताना अडणे, काळा किंवा रक्तमिश्रित मल, डोळ्यांना पिवळेपणा, सतत उलट्या ही लक्षणे दिसताच सुंठ-ओव्यावर विसंबून दिवस घालवू नयेत.

माताभगिनींनो, घरातील अन्नाचा यज्ञ तुमच्या हातून चालतो. या चातुर्मासात एक नेम अवश्य करावा : ताटात वाढण्यापूर्वी भूक विचारावी आणि आग्रह आवरावा. देवापुढील नंदादीप आपण ज्या काळजीने तेवत ठेवतो, तीच काळजी देहातील या वैश्वानराचीही घ्यावी, एवढीच आमची प्रार्थना.