पराभवाच्या हंगामाचा हिशेब

पुण्याहून नगरकडे येताना शहराची चाहूल लागते ती केडगावला. रेणुकामातेच्या या गावाला, किंबहुना साऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यालाच, पुण्याचा कबड्डी संघ आज परका वाटत नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत 'पुणेरी पलटण'ने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा संघाचा कर्णधार होता याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्या रात्रीचा जल्लोष सर्वांनी पाहिला. पण या यशाची पायाभरणी ज्या पराभूत हंगामात झाली, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

तो हंगाम २०१९ चा. बारा संघांच्या साखळीत पलटण दहाव्या स्थानावर राहिली. २२ सामन्यांत विजय अवघे सात, बरोबरी तीन आणि पराभव तब्बल बारा. प्रशिक्षकपदी अनुपकुमार, म्हणजे २०१६ चा विश्वचषक जिंकणारा भारताचा कर्णधार. एकट्या नितीन तोमरसाठी संघाने १ कोटी २० लाख रुपये मोजले होते. खेळाडूंच्या खरेदीसाठी प्रत्येक संघाला तेव्हा ४ कोटी ४० लाखांची मर्यादा होती. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम एकाच चढाईपटूवर लागली. त्याला दुखापतींनी गाठले आणि साराच हिशेब विस्कटला.

हरणाऱ्या संघापुढे अशा वेळी दोन वाटा असतात. पुढच्या लिलावात नवी मोठी नावे आणायची, किंवा घरच्या पोरांना घडवायचे. अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत तळाच्या संघाला नव्या दमाचे गुणी खेळाडू आधी निवडण्याची संधी अधिक मिळते. त्यामुळे तेथे काही वर्षे हरत राहणे हाही पुनर्बांधणीचा एक मार्ग मानला जातो. प्रो कबड्डीत तशी सोय नाही. लिलावात पहिल्याला आणि शेवटच्याला एकाच मर्यादेत बोली लावावी लागते. येथे पराभवाची भरपाई कोणी करून देत नाही. ती संघाला स्वतःच करावी लागते.

पलटणचाच जुना अनुभव त्याची साक्ष देतो. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही हंगामांत संघ तळाला होता. नंतर मनजीत छिल्लरसारखा अनुभवी कर्णधार आला आणि २०१६ मध्ये झालेल्या दोन्ही हंगामांत संघाने तिसरे स्थान मिळविले. पण ही झेप उसन्या बळावरची होती. मोठे खेळाडू पांगले आणि २०१८ मध्ये संघ पुन्हा बाद फेरीबाहेर राहिला.

२०१९ मध्ये मात्र हरता हरता पंकज मोहिते या नवोदित चढाईपटूला भरपूर सामने मिळाले. करोनामुळे २०२० चा हंगाम झाला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूत स्पर्धा सुरू झाली, तेव्हा नितीन तोमर आणि राहुल चौधरी ही वजनदार नावे संघात होती. पण अनुपकुमारने हळूहळू भार टाकला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्यांवर. दोघांनीही पहिल्याच हंगामात दीडशेहून अधिक गुण मिळविले आणि संघ बाद फेरीत पोहोचला.

पुढील वर्षी प्रशिक्षक बदलले, बी. सी. रमेश आले, तरीही ही तरुण फळी कायम राहिली. २०२२ च्या अंतिम सामन्यात अस्लम व मोहित दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि जयपूरकडून २९-३३ अशी हार पत्करावी लागली. पुढच्या हंगामात इराणच्या मोहम्मदरेझा शाडलूसाठी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. मोठी खरेदी याही वेळी झाली. फरक इतकाच, की आता ती भरभक्कम घरावरचा कळस होती, पाया नव्हे. साखळीत ९६ गुणांसह पलटण अव्वल ठरली आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान अस्लमला मिळाला.

त्यानंतरही चढउतार चुकले नाहीत. २०२४ च्या अखेरच्या हंगामात अस्लमच्या दुखापतीनंतर गतविजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. २०२५ मध्ये तोच संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि दिल्लीकडून तीन गुणांनी हरला. एका वर्षाच्या अपयशाने घाबरून पलटणने कर्णधार बदलला नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे.

पराभव आपोआप काही शिकवीत नाही. हरतानाच्या सामन्यांत मैदानावर कोणाला उतरविले, यावर त्या हंगामाचे मोल ठरते. केडगावसारख्या उपनगरांत आणि जिल्ह्यातल्या खेड्यांत सायंकाळी मातीवर घाम गाळणाऱ्या पोरांसाठी तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. संघ जिंकत असतो तेव्हा त्यांच्यासाठी जागा नसते. दार किलकिले होते ते बहुधा संघ हरत असतानाच.